आडव्या माणसापुरती जागा

तुमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये माणूस आडवा मावतो का?

लगेच हो म्हणू नका, आठवून बघा. रोज सकाळी त्या लिफ्टमधून खाली जाता, संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन वर येता, आरशात केस सारखे करता. उभी माणसं किती मावतात हे आतल्या पाटीवर लिहिलेलं असतं. एक माणूस आडवा मावतो का, हे कुठल्याच पाटीवर नसतं. माझ्या बाबांनी हा प्रश्न भर सभेत विचारला होता आणि लोक हसले होते. त्या हसण्याबद्दल मला लिहायचं आहे. आत्मकथन लिहिण्याएवढं माझं वय झालेलं नाही असं आई म्हणते. पण वय होईपर्यंत थांबले तर आमच्या सेक्टरमधलं शेवटचं बैठं घरही पडलेलं असेल, आणि तिथे माणसं कशी राहत होती हे सांगायचं काम घरं विकणाऱ्यांच्या जाहिरातींवर सोडावं लागेल. ते मला मंजूर नाही.

चारकोपला आमचं बैठं घर होतं. घराला घर चिकटलेलं, समोर तशीच दुसरी रांग, मधे दोन स्कूटर जेमतेम एकमेकींना चुकवतील एवढी गल्ली. आमच्याकडे लसणाची फोडणी पडली की समोरच्या घरात ठसका लागायचा. सकाळी सगळ्यात आधी ऐकू यायची ती पातेल्याच्या काठावर आपटणारी आईची पळी. उकड्या तांदळाची पेज, तिच्याबरोबर आंब्याचं लोणचं, आणि बाबांच्या ताटलीत भाजलेला सुका बांगडा. पेज फुंकत फुंकत बाबा गल्लीची चौकशी करायचे. परबिणीच्या डोळ्याचं काय झालं, कदमाचा मुलगा परीक्षेला बसला का, कोपऱ्यावरच्या भाडेकरूच्या बायकोला कितवा महिना. आई त्यांच्या वाटीत आणखी पेज ओतत म्हणायची, "गल्लीची चौकशी झाली की घराची पण करा. गॅस संपाक इलो हा." बाबा मूळचे कणकवलीचे. तिथे त्यांच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. बाजारपेठेतून कोणाची अंत्ययात्रा निघाली की दुकानदार फळ्या अर्ध्या ओढून घ्यायचे आणि ती पुढे गेली की पुन्हा उघडायचे, असं ते सांगत. मुंबईत येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या डोक्यात कणकवलीची ती बाजारपेठच होती. आमच्या गल्लीत कोणी गेलं की बाबा एकेका दारात जाऊन फक्त एवढंच म्हणायचे, "मिक्सर नको आज जरा वेळ." लोक मिक्सर थांबवायचे, टीव्ही बंद करायचे. कोणी का म्हणून विचारत नसे.

इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका छोट्या छापखान्यात बाबा मशीनमन होते. गाळ्यात एक जुनं ऑफसेट मशीन, एक कटिंगचं, आणि शाईचा वास. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावत्या आणि पत्रकं अशी कामं. नीट न उमटलेले, तिरके गेलेले कागद बाबा घरी आणायचे आणि त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गणितं सोडवायचे. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं असायची. वर्गातल्या दुसऱ्या मुली गोष्टीच्या पुस्तकांतून वाचायला शिकल्या, मी 'कामगार बंधूंनो', 'मोफत नेत्रतपासणी शिबिर' आणि 'जाब विचारा' यांतून शिकले. त्यामुळे माझं बोलणं लहानपणापासून जरा भाषणासारखं होतं आणि आईला त्याचा वैताग यायचा. "भाजीत मीठ कमी हा, इतक्याच सांग. आवाहन करू नको," ती म्हणायची. बाबा मात्र छापलेलं प्रत्येक पत्रक वाचत. कोणत्याही पक्षाचं असो, कोणत्याही बाबाबुवाचं असो. छापणाऱ्याने वाचलंच पाहिजे, असं त्यांचं मत. चांगलं पत्रक कसं असतं हेही त्यांनी मला शिकवलं. "एकच गोष्ट सांगूची. आणि शेवटाक माणसान काय करूचा ता लिवूचा. नायतर वाचणारो तेच्यात शेंगदाणे बांधता."

पण गल्लीत बाबांची ओळख वेगळीच होती. कोणाच्या घरी माणूस गेलं की आधी डॉक्टर आणि मग मोंडकर. छापखान्यात फोन यायचा, मालक मशीन थांबवून विचारायचा, "कोण गेलं?" आणि बाबा रॉकेलने हातांची शाई पुसत निघायचे. तिरडीला लागणारे दोन लांब बांबू त्यांनी गल्लीच्या टोकाला कुंपणाच्या भिंतीला आडवे बांधून ठेवलेले असत. वापरले की दोन दिवसांत नवे आणून ठेवत. नव्या भाडेकरूंना वाटायचं, मांडवाचे आहेत. बाबा आधी त्या घरातल्या म्हाताऱ्यांनी काही खाल्लंय का ते बघायचे, मग पोरांना बर्फाला आणि मडक्याला पाठवायचे, आणि मग दारासमोर उकिडवे बसून तिरडी बांधायला घ्यायचे. काथ्याचाच दोर. नायलॉनची दोरी घसरते म्हणून ते हात लावत नसत. गाठ मारताना बोलत नसत. एरवी त्यांचं तोंड बंद नसायचं, पण तेव्हा बांबू धरून बसलेल्या कदमकाकांनी काही विचारलं तरी नुसती मान हलवायचे. निघताना मात्र खांदेकऱ्यांना बजावायचे, "खांदा बदलताना सांगून बदला रे. माणसाला धक्का बसता कामा नये."

मी आठवी-नववीत असेन. पत्रकं वाचून फार शहाणी झाले होते. बाबा असेच एकदा स्मशानातून आले, मागच्या मोरीत आईने काढून ठेवलेल्या पाण्याने अंघोळ केली, कडुनिंबाचं पान चावलं, आणि पाटावर बसले. मी विचारलं, "बाबा, मेलेल्या माणसाला धक्का बसला तर त्याला काय कळतं?" आई म्हणाली, "झाला सुरू." बाबांनी पान गिळलं आणि म्हणाले, "मेलेल्याक कळत नाय गो. बघणाऱ्याक कळता." मग आईने त्यांना कुळथाची पिठी आणि भात वाढला. तीच पिठी मोठ्या डब्यात भरून त्या घरी आधीच गेलेली असायची, कारण तिथे चूल पेटलेली नसायची. कोणी गेलं त्या दिवशी आमच्याकडे कुळथाची पिठी, हे इतकं ठरलेलं होतं की आजही मला तो वास आला की मी आधी विचारते, कोण?

आमच्या गल्लीतल्या सावंत आजी मुलाबरोबर मोठ्या रस्त्यावरच्या इमारतीत राहायला गेल्या होत्या. वरचा मजला, हवेशीर घर. जाताना त्या गल्लीभर खोबऱ्याच्या वड्या वाटून गेल्या. काही वर्षांनी त्या गेल्या तेव्हाही बाबांनाच बोलावणं आलं. जिना अरुंद, त्यामुळे तिरडी वर नेता येईना. बाबांनी ती खाली बांधली आणि वाट बघत उभे राहिले. आजींना कसं आणणार हे वरच्यांनी परस्पर ठरवलं होतं. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आजी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या होत्या. छातीभोवती ओढणी आवळून खुर्चीच्या पाठीला बांधलेल्या. मान एका बाजूला कलत होती, म्हणून शाळेच्या गणवेशातली नात शेजारी उभी राहून त्यांची हनुवटी हाताने वर धरत होती. हे बाबांनी घरी फक्त एकदाच सांगितलं. त्या दिवशी त्यांनी पिठी खाल्ली नाही. ताटावरून उठताना म्हणाले, "पोरीक हनुवटी धरूक लागली गो." आईने ताट झाकून ठेवलं.

त्यानंतर पुनर्विकास आला. आमच्या रांगा पाडून तिथे आमच्यासाठी एक इमारत आणि बिल्डरला विकण्यासाठी दुसरी. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. मी अकरावीत होते, आईबरोबर मागच्या बाकावर बसले होते. बिल्डरचा माणूस इस्त्रीच्या शर्टात, भिंतीवर चित्रं दाखवत होता. चित्रातल्या इमारतीभोवती झाडं होती आणि झाडांखाली फिरणारी माणसं आमच्यापैकी कोणासारखीच दिसत नव्हती. लोकांनी खूप प्रश्न विचारले, पार्किंगचे, पाण्याचे, देवघर कुठल्या दिशेला येणार याचे. सोसायटीचे सेक्रेटरी कदमकाका टेबलाशी बसून एकेकाला बोलू देत होते. कदमकाका आमच्या समोरच्या घरात राहायचे, आणि रविवारी दुपारी बाबांबरोबर कॅरम खेळायचे. शेवटी बाबा उभे राहिले.

"लिफ्टमध्ये माणूस आडवा मावणार का?"

बिल्डरचा माणूस हसला. "काका, लिफ्टमध्ये लोक उभे राहतात."

"जिवंत असेपर्यंत," बाबा म्हणाले. "मेल्यावर कसे नेणार?"

मागून कोणीतरी म्हणालं, "मोंडकर, अजून पाया नाही खणला आणि तुम्ही तिरडी घेऊन आलात." तेव्हा ते हसू आलं. सगळा हॉल हसला. परबवहिनी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "शुभ बोल रे नाऱ्या." कदमकाकाही हसत होते. "मोंड्या, आपण नवीन घरात राहायला चाललोय यार. तू निघायची तयारी काय करतोस?"

बाबा हसले नाहीत आणि खालीही बसले नाहीत. त्यांनी सावंत आजींचं नाव घेतलं नाही, कारण आजींच्या मुलाला गल्लीतले सगळेच ओळखत होते आणि त्याच्या कानावर गेलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं. ते फक्त एवढंच म्हणत राहिले की माणूस आपल्या घरातून आडवा निघायला पाहिजे, बसवून नाही. बिल्डरच्या माणसाने मग समजूतदार आवाजात सांगितलं की लिफ्टची जागा मोठी केली तर प्रत्येक मजल्यावरची तेवढी जागा जाईल. तीच जागा स्वयंपाकघराच्या मागे कपडे वाळत घालायच्या ड्राय बाल्कनीला देता येईल. दोन्ही होणार नाही, तुम्हीच ठरवा.

"बाजूच्या इमारतीच्या नकाशात मोठी लिफ्ट दाखवलीय की," बाबा म्हणाले.

"ती सेलची बिल्डिंग आहे, काका."

"म्हणजे विकत घेणारा झोपून जाणार आणि आम्ही बसून?"

याला उत्तर आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. लोक भांडले असते, काहीतरी झालं असतं. पण कदमकाकांनी घड्याळ बघितलं आणि हात वर करायला सांगितले. "बायकांनीपण करा. स्वयंपाकघर तुमचंच आहे." मोठ्या लिफ्टच्या बाजूने बाबांचा हात वर झाला आणि काही म्हाताऱ्यांचे. ड्राय बाल्कनीला जवळजवळ सगळ्या हॉलचे. माझ्या शेजारी हालचाल झाली म्हणून मी वळून बघितलं. आईचा हातही वर होता. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या होत्या आणि ती समोर बघत होती, बाबांकडे नाही.

घरी आल्यावर मला वाटलं, आता भांडण होणार. बाबांनी चपला काढल्या, पाय धुतले, आणि म्हणाले, "हात वर केलंस."

"केलंय," आई म्हणाली. "पावसात तुमचे शाईचे कपडे मी खय वाळत घालतंय म्हायत हा? गॅसवर दोरी बांधून. भाताक तुमच्या पँटीचो वास येता." ती भाजी चिरायला बसली होती. चिरतच म्हणाली, "मरूचा एकदा. कपडे रोज."

बाबा मोठ्याने हसले. त्या दिवसातलं त्यांचं पहिलं हसू. "ह्या सभेत बोलला असतंस तर टाळये पडले असते," ते म्हणाले, आणि तिच्यासमोरच्या भाजीतला गाजराचा तुकडा उचलून खाल्ला. ते दोघं एवढ्यावर मिटवू शकत होते. मला मिटवता येत नव्हतं. मी हसणाऱ्या एकेकाचं तोंड आठवत होते. ह्यांच्यातल्या किती जणांच्या आईवडिलांना बाबांनी खांदा दिला होता, आणि ही माणसं हसली. रागात विचार करताना मला एक गोष्ट दिसली. बाबा हरले ते मेलेल्यांच्या बाजूने बोलले म्हणून. जन्मभर तिरड्या बांधल्यामुळे त्यांना वाटलं होतं की मेलेल्या माणसाचा मान हा सगळ्यांनाच तेवढा जवळचा आहे. लोकांना मात्र मरणाचं नावच नको होतं. तेच बाबा बाळंतिणीबद्दल बोलले असते, पाय मोडलेल्याबद्दल, छातीत कळ आलेल्याबद्दल बोलले असते, तर स्ट्रेचर मावणारी लिफ्ट कोणाला नको झाली असती?

मी दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेले नाही. पाठकोऱ्या कागदावर पत्रक लिहिलं. 'लिफ्ट आजाऱ्यालाही लागते.' माझं पहिलं पत्रक. एकच गोष्ट सांगितली होती आणि शेवटी काय करायचं तेही लिहिलं होतं, की पुन्हा सभा बोलवा. बाबा कामावरून आले तसं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानेच वाचलं, मशीनवरचं पहिलं प्रूफ वाचतात तसं, कागद जरा लांब धरून.

"बरा लिवलंस," ते म्हणाले. "ह्या माझ्या डोक्यात कसा इला नाय?"

"मग छापूया ना. रद्दी कागदावर छापा, मी वाटते घरोघरी."

"आता नाय."

"का?"

"सभा झाली, रश्मे."

"सभेने चूक ठरवलं तर?"

"तर चूक ठरली. आज मी हरलंय म्हणून पत्रक काढलंय तर उद्या दुसरो हरतलो तो काढतलो. मग माणसांक एकत्र बसवायचा कशाक?"

"म्हणजे जे झालं ते बरोबर झालं?"

बाबांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. "बरोबर झाला नाय. पण झाला."

हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. माझं म्हणणं आहे की हरलेल्या माणसाने पुन्हा पुन्हा उभं राहायला पाहिजे, लोकांना कंटाळा येईपर्यंत. पण मी बाबांबद्दल लिहिते आहे, माझ्याबद्दल नाही. त्यांनी पुढे काय केलं ते सांगते. त्यांच्या बाजूने हात वर केलेली म्हातारी माणसं संमतीची सही द्यायला तयार नव्हती. बिल्डरचं काम त्यांच्यापायी अडलं असतं. बाबा स्वतः त्यांच्या घरी गेले. मीही बरोबर गेले होते, मधे तोंड घालायचं नाही या अटीवर. एका आजोबांनी विचारलं, "तू सांगतोस म्हणून करतो सही. पण तुझा प्रश्न सुटला काय रे?" बाबा म्हणाले, "नाय." "मग?" "मग काय. तुमची नातवंडं पावसात गळक्या छपराखाली अभ्यास करतात. घर तर होऊ दे." आजोबांनी सही केली. परतताना मी रागाने भराभर पुढे निघाले, आणि बाबा वाटेत भेटेल त्याची चौकशी करत चालले होते.

इमारत झाली. आम्हाला सातवा मजला मिळाला. घर खरंच चांगलं होतं, उजेड होता, नळाला पाणी होतं, आणि ड्राय बाल्कनीत आईचे कपडे भर पावसाळ्यात वाळत होते. मी हे प्रामाणिकपणे लिहिते. आईने आयुष्यात स्वतःसाठी मागितलेली ती बहुधा एकमेव जागा होती. पण बांबू ठेवायला आता भिंत नव्हती. बाबांनी ते पार्किंगमध्ये एका कडेला ठेवले होते. आठवड्याभरात कदमकाका वर आले आणि चहा पिता पिता म्हणाले, "मोंड्या, लोक बोलतायत रे. येता-जाता दिसतं. आता सगळं तयार मिळतं दुकानात, फोन केला की आणून देतात." बाबांनी बांबू काढले. कोणी गेलं की सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज यायचा आणि त्याच्याखाली हात जोडलेली चित्रं यायची. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ गेले ते बाबांना तिसऱ्या दिवशी कळलं, कारण बाबांना मेसेज बघायची सवय नव्हती. त्या दिवसापासून ते दार उघडं टाकून खुर्चीवर बसायला लागले, पॅसेजकडे तोंड करून. छापखाना बंद पडला होता. सकाळी पेज पिताना ते अजूनही चौकशी करायचे, पण आईला आता उत्तरं माहीत नसायची.

मग ती सकाळ. बाबा पेज पीत होते आणि वाटी त्यांच्या हातातून सुटली. ते वाकून उचलायला गेले आणि उठलेच नाहीत. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, डावा हात लोंबत होता, पण डोळे उघडे होते आणि ते आम्हाला ओळखत होते. अ‍ॅम्ब्युलन्स लवकर आली. दोन पोरगे धावत वर आले, मोकळ्या हातांनी. "स्ट्रेचर लिफ्टमध्ये येत नाही, ताई. खाली ठेवलंय. खुर्ची आहे?"

खुर्ची होती. पॅसेजकडे तोंड करून ते बसायचे तीच, प्लॅस्टिकची. त्यांनी बाबांना उचलून तीत बसवलं. ते एका बाजूला कलंडायला लागले तेव्हा एक पोरगा म्हणाला, "काहीतरी बांधायला द्या." मी माझी ओढणी दिली. दुसरं काहीही देऊ शकले असते, चादर, टॉवेल, आईची साडी. हाताशी ओढणी होती. त्याने ती बाबांच्या छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला आवळली. लिफ्टमध्ये खुर्ची, एक पोरगा आणि मी, एवढेच मावलो. आई दारात राहिली. बाबांची मान छातीवर पडत होती, श्वास अडकत होता, म्हणून मी त्यांची हनुवटी धरून वर उचलली. समोरच्या भिंतीला आरसा होता. मान वर केली तशी बाबांची नजर सरळ आरशात गेली.

त्यांनी बघितलं. खुर्ची, ओढणी, माझा हात. त्यांच्या घशातून आवाज आला, पण तो शब्द नव्हता. ते काय म्हणाले असते हे मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही. मेलेल्याला कळत नाही, बघणाऱ्याला कळतं, असं ज्यांनी मला शिकवलं होतं, ते त्या लिफ्टमध्ये जिवंत होते आणि बघत होते. मी त्यांच्या आणि आरशाच्या मधे आड उभं राहायला हवं होतं असं वाटतं, पण आड उभं राहायला तरी जागा लागते.

खाली कदमकाकांनी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. बाबांना बघून त्यांनी मान दुसरीकडे वळवली. थोड्या दिवसांनी बाबा हॉस्पिटलमध्येच गेले. झोपवून नेलं असतं तर ते वाचले असते असं कोणी डॉक्टर म्हणालेला नाही, आणि मीही म्हणत नाही. त्यांना वर घरी आणण्याचा प्रश्नच नव्हता. गाडी पार्किंगमध्ये थांबली, आई त्याच लिफ्टने खाली आली, आणि लोक गाड्यांच्या मधे मधे उभे राहिले. दुकानातून तयार सामान आलं होतं, पिशवीत बांधलेलं, त्यात नायलॉनची दोरी. कदमकाका पुढे झाले आणि उकिडवे बसून गाठ मारायला लागले. दोरी घसरली. त्यांनी पुन्हा बांधली, पुन्हा घसरली. इतकी वर्षं त्यांनी बाबांच्या शेजारी बसून बांबू धरले होते, गाठीकडे कधी नीट बघितलं नव्हतं. आमच्यापैकी कोणीच बघितलं नव्हतं. शेवटी सामान घेऊन आलेल्या दुकानाच्या माणसाने ती बांधून दिली, मोबाइल खांद्याला दाबून दुसऱ्या कोणाशी तरी बोलत बोलत. वर कुठेतरी कोणाचा तरी मिक्सर चालू होता.

बाबांचं तेरावं झाल्यावर कदमकाका भेटायला आले. बाबांच्या फोटोसमोर बसले. मग म्हणाले, "रश्मी, तेव्हा तो नीट बोलला असता ना, असं आजारी माणसाचं वगैरे, तर मी हात वर केला असता गं. तो आपला मेल्याचंच घेऊन बसला."

मी म्हणाले, "काका, तुम्ही नीट ऐकलं असतं तर?"

आई आतून आली, त्यांच्यासमोर कप ठेवला आणि म्हणाली, "चाय घ्या भावजी, थंड जाता." तिच्याकडून मला याहून जास्त काहीतरी हवं होतं. पण ते गेल्यावर ती ड्राय बाल्कनीत गेली आणि बाबांचे शर्ट, शाईचे डाग न गेलेले, एकेक झटकून वाळत घालत राहिली. ते शर्ट आता कोणी घालणार नव्हतं. मी विचारलं, "कशाला धुतलेस?" ती म्हणाली, "जागा हा म्हणून."

आता मी पवईत एका ऑफिसात काम करते आणि सुट्टीच्या दिवशी चारकोपच्या उरलेल्या गल्ल्यांमध्ये जाते. तिथे अजून सभा भरतात, अजून तीच झाडांची चित्रं दाखवतात. मी बाबांनी परत दिलेलं पत्रक वाटते. भाषा थोडी सुधारली आहे, मुद्दा तोच. काही लोक घेतात, काही त्यात शेंगदाणे बांधत असतील. पत्रकाच्या शेवटी माणसाने काय करायचं ते लिहावं असं बाबा म्हणायचे, म्हणून इथेही लिहिते.

आज घरी जाल तेव्हा लिफ्टमध्ये चादर अंथरा आणि तुमच्या घरातल्या सर्वांत उंच माणसाला तिच्यावर पाय पसरून झोपायला सांगा. दार लागतं का बघा. लागत नसेल तर आत्ताच जिन्याची वळणं बघून ठेवा, शेजाऱ्यांना बोलावून दाखवा, आपल्यापैकी कोणाला तरी झोपवून खाली कसं न्यायचं ते एकत्र बसून ठरवा. आणि तुमचं घर अजून कागदावर असेल, तर पुढच्या सभेत हात वर करायच्या आधी उभे राहा आणि विचारा, लिफ्टमध्ये माणूस आडवा मावणार का. लोक हसतील. हसू थांबेपर्यंत खाली बसू नका.